जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलं, पण बूटच होत नाही: आधी कुठे अडलं ते बघा

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि घरोघरी कपाटात पडलेले लॅपटॉप पुन्हा बाहेर आले. दोन नाहीतर चार जीबी रॅम, सेलेरॉन, पेंटियम किंवा ॲटम प्रोसेसर, बॅटरी जेमतेम. पोरांच्या अभ्यासाला चालेल म्हणून कुणीतरी विंडोजच्या जागी लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टम टाकायला घेतं आणि मशीन उघडेचना. असे लॅपटॉप माझ्याकडे सारखे येतात. त्यातल्या बहुतेकांचं हार्डवेअर ठणठणीत असतं.

बूट झालं नाही की लोक पुन्हा फॉरमॅट मारतात, मग दुसरं डिस्ट्रो (म्हणजे लिनक्सचा दुसरा प्रकार) उतरवतात, तेही अडकलं की तिसरं. मोबाइलचा डेटा संपतो, रविवार जातो आणि बिघाड जिथल्या तिथे. कारण बूट, म्हणजे बटण दाबल्यापासून लॉगिन येईपर्यंतचा प्रवास, एका दमात होत नाही. आधी बायोस, म्हणजे गेल्या दहाएक वर्षांतल्या मशीनमध्ये यूईएफआय, जागं होतं. ते ग्रब हा बूटलोडर शोधतं. ग्रब कर्नल (लिनक्सचा गाभा) आणि इनिटरामएफएस (सुरुवातीपुरती लागणारी छोटी सिस्टम) रॅममध्ये चढवतं. कर्नल डिस्कवरचं मुख्य पार्टिशन जोडतं, सिस्टमडी एकेक सेवा सुरू करतं आणि शेवटी लॉगिन येतं. यातल्या कोणत्या पायरीवर थांबलं ते ओळखलं तर अर्धं काम तिथेच होतं. ते न ओळखता पुन्हा इन्स्टॉल करणं म्हणजे नुसती मेहनत.

आज्ञा आणि फाइलींची नावं मी इथे देवनागरीत दिली आहेत, टाइप करताना ती इंग्रजी छोट्या अक्षरांत करा.

लक्षणं: तुमचं मशीन यातलं काय करतंय?

- बूट मेन्यूत पेनड्राइव्ह दिसतच नाही, किंवा निवडला तरी पडदा क्षणभर काळा होऊन सरळ विंडोज उघडतं. म्हणजे अडचण यूईएफआयपाशीच आहे, लिनक्सची पाळी अजून आलेलीच नाही.
- ‘सिक्युअर बूट व्हायोलेशन’ किंवा ‘सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन’ असा लाल नाहीतर निळा चौकोन येतो.
- ग्रबचा मेन्यू छान येतो, पण एंटर मारल्यावर काळा पडदा, नाहीतर लोगोवर गोल फिरत राहतं. कर्नल किंवा ग्राफिक्सचा प्रश्न.
- इन्स्टॉल शेवटपर्यंत झालं, पेनड्राइव्ह काढला, आणि ‘नो बूटेबल डिव्हाइस’. किंवा लिनक्स जणू टाकलंच नाही असं विंडोज उघडतं.
- काळ्या पडद्यावर ‘ग्रब रेस्क्यू’ लिहून कर्सर लुकलुकतो.
- कंसात ‘इनिटरामएफएस’ लिहिलेलं येतं आणि वर कुठेतरी ‘एफएससीके’ (डिस्कवरच्या फाइलींची रचना तपासून दुरुस्त करणारी आज्ञा) हाताने चालवा असं म्हटलेलं असतं.
- ‘अ स्टार्ट जॉब इज रनिंग’ या ओळीपुढे दीड मिनिट मोजलं जातं, मग ‘इमर्जन्सी मोड’.
- लॉगिन येतं, पासवर्ड बरोबर असूनही पुन्हा लॉगिनच येतं.
- दर वेळी वेगळ्याच जागी अडकतं: कधी लोगोवर, कधी इन्स्टॉलच्या मध्यात, कधी ‘कर्नल पॅनिक’.

शेवटचं लक्षण नीट लक्षात ठेवा. दर वेळी त्याच जागी अडकत असेल तर कारण बहुधा सेटिंग, फाइल किंवा ड्रायव्हरमध्ये असतं. दर वेळी जागा बदलत असेल तर रॅम, उष्णता, वीजपुरवठा किंवा पेनड्राइव्ह. एवढ्या एका निरीक्षणावर मी पुढची दिशा ठरवतो.

हात लावण्याआधी

पडद्यावर जे आलंय त्याचा मोबाइलवर फोटो काढा. तो मजकूर दोन सेकंदांत निघून जात असेल तर व्हिडिओ काढा आणि मग हळू करून बघा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय बदललं ते कागदावर लिहा. तीन सेटिंग एकदम बदलून मशीन उघडलं, तर नेमकं कशाने उघडलं ते कळत नाही, आणि पुढच्या अपडेटला पुन्हा तिथेच येता.

विंडोज ठेवायचं असेल तर बायोसमध्ये शिरण्याआधी बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क एन्क्रिप्ट करणारं कुलूप, चालू आहे का ते बघा. नव्या विंडोज लॅपटॉपवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट झालेली असते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. सिक्युअर बूट (खात्रीची सही नसलेला बूटलोडर अडवणारी बायोसमधली सोय) बंद केलं की विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात सापडते. आधी लॉगिन करून ती कागदावर उतरवून घ्या. ती मिळत नसेल तर इथेच थांबा.

१. फुकटात होणाऱ्या गोष्टी

माऊसचं डोंगल, मेमरी कार्ड, प्रिंटरची केबल, दुसरा पेनड्राइव्ह, सगळं काढा. रिकामं मेमरी कार्ड खाचेत विसरलं म्हणूनही बूट अडतं, कारण बायोस आधी त्याच्याकडे बघत बसतो. मग चार्जर काढून पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा, सोडा, चार्जर लावा, पुन्हा चालू करा. आतला उरलासुरला करंट निघून गेला की अडकून पडलेली स्वस्त मशीनं बऱ्याचदा शुद्धीवर येतात.

बॅटरी मेलेली असेल तर इन्स्टॉल इन्व्हर्टरवर नाहीतर यूपीएसवर करा. इन्स्टॉलच्या किंवा कर्नल अपडेटच्या मध्यात लाइट गेली की अर्धवट लिहिलेल्या फाइली मागे राहतात, आणि दुसऱ्या दिवशी तो ‘इनिटरामएफएस’वाला पडदा समोर येतो. आपल्याकडे पावसाळ्यात हे कारण माझ्या यादीत फार वर असतं.

पेनड्राइव्हवरून बूट करायला कोणतं बटण? एचपीवर चालू करताच एस्केप आणि मग एफ९. डेल, लेनोव्हो आणि एसरवर एफ१२. एसरवर हे एफ१२ आधी बायोसमध्ये चालू करावं लागतं. आसुसवर एस्केप. लेनोव्होच्या आयडियापॅडला कडेला टाचणीएवढं भोक असतं, त्यात टाचणी दाबली की मेन्यू येतो. कोणतंच बटण लागू पडत नसेल तर विंडोजमध्ये शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट करा आणि ‘यूज अ डिव्हाइस’ निवडा. विंडोजच्या फास्ट स्टार्टअपमुळे मशीन खऱ्या अर्थाने बंदच होत नाही, म्हणून बटणं दाबूनही काही होत नाही. ते फास्ट स्टार्टअप आधी बंद करा. ते चालू असताना विंडोजचं पार्टिशन अर्धवट उघडं राहतं आणि लिनक्समधून त्यावर लिहायला गेलात तर डेटाची नासाडी होते.

२. पेनड्राइव्ह आणि उतरवलेली फाइल

सगळ्यात जास्त वेळा दोष इथे सापडतो आणि सगळ्यात कमी वेळा लोक इथे बघतात. आयएसओ फाइल, म्हणजे लिनक्सच्या इन्स्टॉलरची अख्खी फाइल, दोन-तीन जीबीची, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर उतरवलेली, मध्ये दोनदा नेट तुटलेलं. डिस्ट्रोच्या संकेतस्थळावर फाइलशेजारी एसएचए२५६ चा लांबलचक आकडा दिलेला असतो. विंडोजमध्ये ‘सर्टयूटिल’ या आज्ञेने किंवा रूफस या पेनड्राइव्ह लिहिणाऱ्या प्रोग्राममधल्या टिकमार्कच्या बटणाने आपल्या फाइलचा आकडा काढा आणि जुळवा. एक अक्षर जरी वेगळं असलं तरी फाइल टाकून द्या. खराब फाइलसुद्धा ग्रबचा मेन्यू व्यवस्थित दाखवते आणि मग इन्स्टॉलच्या सत्तर टक्क्यांवर मान टाकते, म्हणून माणूस लॅपटॉपवर संशय घेत बसतो.

पेनड्राइव्ह ८ जीबीचा पुरे, पण खरा हवा. रस्त्यावर मिळणारे ‘दोन टीबी’चे पेनड्राइव्ह आतून किरकोळ क्षमतेचे असतात. त्यांवर लिहिलेलं पुढे जाऊन गायब होतं. लॅपटॉपला दोन प्रकारची पोर्टं असतील तर निळं सोडून काळं, म्हणजे यूएसबी २.० चं पोर्ट वापरून बघा. जुने बायोस यूएसबी ३ च्या पोर्टवरून बूट करायला कुरकुर करतात.

रूफस लिहायच्या वेळी ‘आयएसओ मोड’ की ‘डीडी मोड’ असं विचारतं. आधी पहिला घ्या. पेनड्राइव्ह बूट मेन्यूत दिसला नाही तर दुसऱ्याने पुन्हा लिहा. पार्टिशनच्या पद्धतीत नव्या मशीनसाठी जीपीटी, आणि २०१२ च्या आधीच्या, जुन्या बायोसच्या मशीनसाठी एमबीआर. व्हेंटॉयवर (एकाच पेनड्राइव्हवर अनेक आयएसओ ठेवू देणारा प्रोग्राम) अडत असेल तर व्हेंटॉय बाजूला ठेवून एकच आयएसओ सरळ लिहा. मधला एक थर कमी झाला की संशयितही एक कमी होतो.

३. आयएसओ मशीनला साजेशी आहे का?

रॅम दोन जीबी असेल तर उबंटूची मुख्य डेस्कटॉप आवृत्ती टाकायचा अट्टहास करू नका. ती लाइव्ह, म्हणजे डिस्कवर न टाकता थेट पेनड्राइव्हवरून, उघडतानाच रॅम भरते आणि मशीन इतकं मंद होतं की ‘बूटच होत नाही’ असं वाटतं. लुबंटू, मिंटची एक्सएफसीई आवृत्ती, किंवा डेबियनचा नुसत्या अक्षरांचा इन्स्टॉलर आणि त्यावर एलएक्सक्यूटी हा हलका डेस्कटॉप घ्या. एक जीबी असेल तर अँटीएक्स. माझा कल डेबियनकडे आहे. दिसायला साधं असतं, पण त्याचा इन्स्टॉलर फारच थोड्या रॅममध्ये नीट चालतो.

प्रोसेसर खरोखर ३२-बिटचा असेल तर पर्याय आता मोजके उरलेत. मिंटने मुख्य आवृत्ती २० पासून, म्हणजे २०२० पासून ३२-बिट बंद केली. डेबियन १३ मध्ये, म्हणजे २०२५ पासून, ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलर नाही. डेबियन १२ मध्ये आहे.

आता एक खास भानगड. २०१४ ते २०१६ च्या सुमारास दहा हजारांच्या आसपास किमतीचे छोटे लॅपटॉप बाजारात आले: इंटेल ॲटम झेड३७३५एफ, २ जीबी रॅम, ३२ जीबीची ईएमएमसी (डिस्कच्या जागी असलेली साठवणुकीची चिप). पुष्कळ विद्यार्थ्यांनी ते घेतले. यांतला प्रोसेसर ६४-बिटचा, पण यूईएफआय ३२-बिटचं. बूट करताना यूईएफआय पेनड्राइव्हवरच्या ‘ईएफआय’ फोल्डरमधल्या ‘बूट’ फोल्डरात ‘बूटआयए३२’ नावाची फाइल शोधतं. बऱ्याचशा ६४-बिट आयएसओमध्ये तिथे फक्त ‘बूटएक्स६४’ असते. फाइल सापडली नाही की ते काही न बोलता पुढे जातं. ना एरर, ना संदेश. पेनड्राइव्ह चांगला, आयएसओ चांगली, लॅपटॉप चांगला, आणि तरीही मेन्यूत काही नाही. माणूस अगदी हताश होतो.

यावर उपाय म्हणजे दोन्ही फाइली असलेली आयएसओ घ्यायची. फेडोराने ही सोय आवृत्ती २७ मध्ये, २०१७ साली आणली. डेबियनच्या १२ व्या आवृत्तीच्या ६४-बिट इन्स्टॉलरमध्येही ती आहे. तुमच्या पेनड्राइव्हवर तो फोल्डर उघडून ‘बूटआयए३२ डॉट ईएफआय’ आहे की नाही ते डोळ्यांनी बघा. दहा सेकंदांचं काम आहे.

४. बायोसमधली सेटिंग

पहिली, फास्ट बूट. ते बंद करा. चालू असताना बायोस यूएसबी तपासायची तसदी घेत नाही.

दुसरी, सिक्युअर बूट. उबंटू, फेडोरा, डेबियन आणि मिंट हे सिक्युअर बूट चालू असतानाही बूट होतात. अँटीएक्ससारखे काही होत नाहीत. ऑगस्ट २०२४ मधल्या एका विंडोज अपडेटनंतर विंडोजसोबत लिनक्स असलेली बरीच मशीनं ‘व्हेरिफाइंग शिम एसबीएटी डेटा फेल्ड’ असं म्हणून बंद पडली होती. जुनी आयएसओ वापरलीत तर तेच अजूनही दिसू शकतं. ताजी आयएसओ घ्या, किंवा सिक्युअर बूट बंद करा. काही बायोसमध्ये तो पर्याय राखाडी दिसतो, हलतच नाही. तिथे आधी सुपरवायझर पासवर्ड लावावा लागतो. पासवर्ड लावलात तर लगेच वहीत लिहा. विसरलात तर तो काढायला दुकान गाठावं लागतं.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची: लेगसी (जुन्या बायोसची पद्धत) की यूईएफआय. पेनड्राइव्ह ज्या पद्धतीने बूट झाला त्याच पद्धतीचं ग्रब डिस्कवर बसतं. पेनड्राइव्ह लेगसीने उघडला आणि बायोस डिस्कवर यूईएफआयने बघतोय, तर इन्स्टॉल शंभर टक्के होऊनही रीस्टार्टनंतर ‘नो बूटेबल डिव्हाइस’च येणार. कितीदाही इन्स्टॉल करा, तेच होणार. हे ओळखायची सोपी युक्ती: लाइव्ह लिनक्समध्ये फाइल मॅनेजर उघडा, मुळातल्या ‘सिस’ फोल्डरात जा, तिथून ‘फर्मवेअर’मध्ये. आत ‘ईएफआय’ नावाचा फोल्डर दिसला तर तुम्ही यूईएफआयने आत आलात, नसेल तर लेगसीने. इन्स्टॉलचं बटण दाबण्याआधी हे बघायची सवय लावा. बायोसमध्ये ‘बोथ’ किंवा ‘ऑटो’ असं काही असेल तर ते न ठेवता एकच ठाम निवडा. विंडोज आधीपासून असेल तर ते ज्या पद्धतीत आहे तीच.

चौथी, डिस्कची पद्धत. इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल तर बायोसमध्ये ‘आरएसटी’, ‘ऑप्टेन’ किंवा ‘रेड’ आहे का बघा आणि ‘एएचसीआय’ करा. विंडोज राखायचं असेल तर हे परस्पर करू नका. विंडोज आधी सेफ मोडमध्ये उघडेल अशी सोय करून मगच बदला, नाहीतर ते निळा पडदा दाखवतं.

५. ग्रब येतो, पुढे अंधार

इथे घाबरायचं काही कारण नाही. ग्रबच्या मेन्यूत हव्या त्या ओळीवर थांबा आणि कीबोर्डवरचं इंग्रजी ‘ई’ दाबा. काही ओळी उघडतील. ‘लिनक्स’ या शब्दाने सुरू होणारी लांब ओळ शोधा. तिच्या शेवटाकडे ‘क्वायट स्प्लॅश’ असेल. पहिल्यांदा हे दोन शब्द खोडा, बाकी काही नको, आणि एफ१० दाबा. आता लोगोच्या जागी पांढऱ्या अक्षरांच्या ओळी धावतील आणि जिथे अडतं तिथली शेवटची ओळ पडद्यावर राहील. तिचा फोटो काढा. मदत मागायची असेल तर या फोटोवर लोक नेमकं सांगू शकतात. नुसत्या ‘काळा पडदा येतो’ यावर कुणी काय सांगणार?

ओळी एकदम थांबून पडदाच बंद झाला तर ग्राफिक्स. पुन्हा ‘ई’, आणि त्याच ओळीच्या शेवटी जागा सोडून ‘नोमोडसेट’ (nomodeset) हा सलग शब्द लिहा. त्यामुळे कर्नल ग्राफिक्स ड्रायव्हरच्या फंदात न पडता साध्या चित्रावर भागवतं. हा बदल त्या एका बूटपुरताच असतो, म्हणून बिनधास्त करून बघा. मशीन उघडलं की अपडेट करा, ड्रायव्हर मॅनेजर बघा आणि मग ‘नोमोडसेट’शिवाय उघडतंय का ते तपासा. तो शब्द कायमचा ठेवलात तर कमी ताकदीच्या मशीनवर व्हिडिओ अडखळतात आणि सगळा भार प्रोसेसरवर येतो.

वर सांगितलेल्या झेड३७३५एफसारख्या, म्हणजे बे ट्रेल घराण्यातल्या प्रोसेसरवर आणखी एक प्रकार बघायला मिळतो: मशीन उघडतं आणि दोन मिनिटांनी नाहीतर तासाभराने दगड होतं, माऊससुद्धा हलत नाही. हे प्रोसेसरच्या गाढ झोपेच्या अवस्थांशी जोडलेलं आहे. त्याच ओळीत ‘इंटेल_आयडल.मॅक्स_सीस्टेट=१’ (intel_idle.max_cstate=1) लिहून बघा. बॅटरी थोडी लवकर उतरते, पण मशीन स्थिर राहतं. नव्या कर्नलमध्ये हा त्रास बराच निवळला आहे, त्यामुळे आधी कर्नल अद्ययावत करा.

काल चालत होतं आणि अपडेटनंतर बंद पडलं, तर मात्र आधी जुनं कर्नल. यूईएफआय मशीनवर चालू करताना एस्केप, जुन्या बायोसवर शिफ्ट दाबून ग्रब मेन्यू आणा, ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जा आणि आधीच्या आकड्याचं कर्नल निवडा. उघडलं तर दोष नव्या कर्नलचा किंवा अर्धवट झालेल्या अपडेटचा. तेवढं पुन्हा बसवा, अख्खी सिस्टम नको.

६. इन्स्टॉल झालं, पण ग्रब सापडत नाही

आधी बायोसमधला बूटचा क्रम बघा. यादीत ‘उबंटू’ किंवा ‘डेबियन’ असेल आणि ते विंडोजच्या खाली असेल, तर वर ओढा. विंडोजचं मोठं अपडेट झालं की हा क्रम बदलू शकतो.

यादीत नावच नसेल तर यूईएफआयने नोंद जपलेली नाही. स्वस्त लॅपटॉपवर हे नेहमीचं आहे. तिथे यूईएफआय फक्त ठरलेल्या जागी बघतं: ईएफआय पार्टिशनमधला ‘बूट’ फोल्डर. डेबियनच्या पेनड्राइव्हवरून रेस्क्यू मोडमध्ये गेलात तर ग्रब ‘रिमूव्हेबल मीडिया पाथ’वर सक्तीने बसवण्याचा पर्याय आहे, तो याचसाठी. मिंट किंवा उबंटू असेल तर मिंटच्या लाइव्ह पेनड्राइव्हमध्ये ‘बूट रिपेअर’ आधीपासूनच असतं. तेही चालवताना पेनड्राइव्ह योग्य पद्धतीने, यूईएफआयने नाहीतर लेगसीने, उघडलाय ना ते बघा. ‘ग्रब रेस्क्यू’वरही मी हेच करतो. बहुतेक वेळा कुणीतरी विंडोजमधून ‘नको असलेलं’ पार्टिशन उडवलेलं असतं आणि ग्रबचा उरलेला भाग त्यातच होता. पार्टिशनच गेलं असेल तर ग्रब दुरुस्त करून उपयोग नाही, इन्स्टॉल पुन्हा करावं लागेल. पुन्हा इन्स्टॉल करणं योग्य ठरतं अशी ही मोजकी वेळ.

७. ‘इनिटरामएफएस’ आणि ‘इमर्जन्सी मोड’

‘इनिटरामएफएस’ म्हणजे कर्नल जागं झालंय, पण मुख्य पार्टिशन जोडता आलेलं नाही. जवळजवळ सगळे सल्ले लगेच ‘एफएससीके’ चालवायला सांगतात. माझं सांगणं वेगळं आहे: आधी डिस्कची तब्येत बघा. लाइव्ह पेनड्राइव्हने उघडा, ‘डिस्क्स’ हा प्रोग्राम घ्या, मेन्यूतून ‘स्मार्ट डेटा’, म्हणजे डिस्कने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद, बघा. ‘रीॲलोकेटेड सेक्टर’ आणि ‘करंट पेंडिंग सेक्टर’ या दोन ओळींत शून्याच्या जागी आकडे असतील आणि ते वाढत असतील, तर डिस्क जायच्या वाटेवर आहे. अशा डिस्कवर ‘एफएससीके’ चालवलं की ते तिच्यावर आणखी लिहितं, आणि वाचवता आला असता तो डेटाही जातो. आधी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे उतरवा.

आकडे ठीक असतील तर ‘एफएससीके’, जागा, ‘-वाय’, जागा, आणि पडद्यावर दिलेलं पार्टिशनचं नाव, उदाहरणार्थ ‘/डेव्ह/एसडीए२’. संपलं की ‘एक्झिट’. लाइट जाण्याने झालेला बिघाड बहुतेक वेळा एवढ्याने भरून निघतो. ईएमएमसीवर ‘स्मार्ट’ची ही यादी दिसत नाही. तिथे ‘क्वायट’ खोडल्यावर ‘एमएमसीबीएलके० आय/ओ एरर’ अशा ओळी येतात का ते बघा.

दीड मिनिटाचा ‘स्टार्ट जॉब’ वेगळा. सिस्टमडी एखाद्या पार्टिशनची ९० सेकंद वाट बघतं. बहुधा तुम्ही स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायचं) किंवा दुसरं एखादं पार्टिशन नव्याने फॉरमॅट केलंत, त्याची ओळखसंख्या बदलली, आणि ‘एटसी’ फोल्डरातल्या ‘एफएसटॅब’ फाइलमध्ये, जिथे जोडायच्या पार्टिशनांची यादी असते, जुनीच राहिली. लाइव्हमधून ती फाइल उघडा, न सापडणाऱ्या पार्टिशनच्या ओळीपुढे हॅशचं चिन्ह टाका, जतन करा. मशीन झटकन उघडेल. नवी संख्या नंतर सावकाश भरता येते.

८. लॉगिनच्या दारातून परत

कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ दाबा आणि तिथे अक्षरांच्या पडद्यावर लॉगिन करा. जमलं तर ‘डीएफ -एच’ने जागा बघा. ३२ जीबीच्या डिस्कवर टाइमशिफ्ट या बॅकअप प्रोग्रामचे स्नॅपशॉट (सिस्टमच्या जुन्या प्रती) आणि जुनी कर्नलं साठली की जागा शंभर टक्के भरते, आणि डेस्कटॉप उघडायला लागणारी छोटी फाइलही लिहिता येत नाही. ‘सुडो ॲप्ट क्लीन’ आणि ‘सुडो ॲप्ट ऑटोरिमूव्ह’ने श्वास मिळतो. इतक्या छोट्या डिस्कवर टाइमशिफ्ट बंदच ठेवा.

इथेही पासवर्ड घेत नसेल तर इन्स्टॉल करताना कीबोर्ड कोणता निवडला ते आठवा. मराठीसाठी म्हणून भाषेबरोबर कीबोर्डही मराठी निवडला, तर पासवर्डची अक्षरं देवनागरीत उमटत असू शकतात, आणि ती ठिपक्यांमुळे दिसत नाहीत. भाषा खुशाल मराठी ठेवा, पण इन्स्टॉलच्या वेळी कीबोर्ड इंग्रजीच. मराठी इनस्क्रिप्ट नंतर डेस्कटॉपमधून जोडा. डिस्क एन्क्रिप्ट करणार असाल तर हे पाळाच, कारण तो पासवर्ड डेस्कटॉप यायच्या आधीच मागितला जातो.

९. स्क्रूड्रायव्हर हातात घ्यायची वेळ

चार्जर काढून ठेवला की तारीख दर वेळी मागच्या कुठल्यातरी वर्षात जाते? आतला बटण सेल संपलाय. बायोसची सेटिंग मूळपदावर जातात, तुम्ही बंद केलेलं सिक्युअर बूट पुन्हा चालू होतं, लेगसीचं यूईएफआय होतं, आणि चालतं लिनक्स बंद पडतं. डिस्क तपासताना ‘सुपरब्लॉकची वेळ भविष्यातली आहे’ अशी तक्रार येते तीही यामुळेच. सेल बहुधा सीआर२०३२, किरकोळ किमतीचा. काही लॅपटॉपमध्ये त्याला वायर आणि पिन जोडलेली असते. तसाच घ्या, साध्या सेलला वायर डकवू नका.

अडकण्याची जागा दर वेळी बदलत असेल तर रॅम. मेमटेस्ट८६+ ची सहावी किंवा पुढची आवृत्ती यूईएफआय मशीनवरही चालते. एक पूर्ण फेरी होऊ द्या. एकही लाल ओळ आली तरी रॅम संशयित. मशीन बंद, चार्जर बाजूला, आतल्या बॅटरीची पिन काढलेली, मग रॅमची पट्टी बाहेर घ्या. सोनेरी पट्टे मऊ खोडरबरने हलकेच पुसा, कचरा झटका आणि खाचेत टक आवाज येईपर्यंत बसवा. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघा. दमट हवेत, विशेषतः कोकणात, या पट्ट्यांवर थर चढतो आणि पुसण्यानेच काम होतं. रॅम बोर्डवर चिकटवलेली असेल तर हा उपाय नाही.

हार्डडिस्कची केबलही एकदा काढून लावा. ‘स्मार्ट’मध्ये ‘सीआरसी एरर’ वाढत असतील तर बहुधा दोष केबलचा असतो, डिस्कचा नाही. आणि पैसे एकाच ठिकाणी घालायचे असतील तर जुनी फिरती हार्डडिस्क काढून छोटी साटा एसएसडी घाला. चार जीबीच्या मशीनला रॅम वाढवण्याइतकाच, कधी जास्तच, फरक त्याने पडतो.

इथे थांबा, कारागिराकडे जा

- चालू केल्यावर बायोसचा लोगोही येत नाही, किंवा नुसते दिवे लागून विझतात. हे लिनक्सच्या आधीचं आहे.
- डिस्कमधून टकटक आवाज येतो आणि आत एकच प्रत असलेला डेटा आहे. लगेच बंद करा. पुन्हा चालू करून ‘एकदा बघू’ म्हणू नका. डेटा परत मिळवणाऱ्यांकडेच न्या.
- बॅटरी फुगली आहे, टचपॅड वर आलाय, किंवा तळ उघडा पडतोय. टोचू नका, दाबू नका, चार्ज करू नका.
- पाणी किंवा चहा सांडलाय, किंवा करपल्याचा वास येतोय.
- बायोसला अनोळखी पासवर्ड आहे.
- बायोस अपडेट करायचं आहे आणि बॅटरी मेलेली आहे. मध्ये लाइट गेली तर बायोसची चिप प्रोग्रामरने पुन्हा लिहावी लागते.
- ईएमएमसीवर आय/ओ एरर येताहेत. ती बोर्डवर सोल्डर केलेली असते, घरी बदलता येत नाही.

नेताना चिप-लेव्हल काम करणारं दुकान बघा. पुण्यात तापकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, आणि आता बहुतेक जिल्ह्यांच्या ठिकाणी अशी दुकानं आहेत. आधी तपासणीचे पैसे किती आणि दुरुस्तीचा अंदाज किती ते विचारा. बोर्डच्या दुरुस्तीचा खर्च त्याच दर्जाच्या जुन्या लॅपटॉपच्या किमतीपर्यंत जात असेल तर डिस्क काढून घ्या आणि बोर्डवर खर्च करू नका. लॅपटॉप ठेवून येताना एक चिठ्ठी चिकटवा: ‘आत लिनक्स आहे. फॉरमॅट करू नये, विंडोज टाकू नये. डिस्क काढल्यास परत हवी.’ खाली आतापर्यंत काय काय तपासलं ते लिहा, आणि त्या शेवटच्या ओळीचा फोटो दुकानदाराच्या मोबाइलवर पाठवून द्या.